भुताची कादंबरी वाचताना नेमकं काय घडतं?

इंदूरच्या पलासिया भागात रात्रीसुद्धा अंधार शोधावा लागतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरची वाहनं, दुकानांच्या झगमगत्या पाट्या, छप्पन दुकानातली खवय्यांची गर्दी, शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही. अशा ठिकाणी भुताला उभं राहायलाही जागा नाही. तरी याच भागातल्या एखाद्या घरात कुणीतरी रात्री नारायण धारपांची भयकादंबरी उघडून बसतं आणि तासाभरानं उठून स्वयंपाकघराच्या दाराची कडी लागली आहे ना, ते पाहून येतं. गाव काल्पनिक आहे, पात्रं काल्पनिक आहेत, आपण वाचतोय ती छापलेली अक्षरं आहेत, हे सगळं त्या वाचकाला ठाऊक असतं. तरीही हाताला काटा येतो.

हा वाचक भोळा नसतो. इंदूर ही होळकरांची राजधानी. या शहरात 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलनं भरली. इथल्या मराठी घरांत वाचनाची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि भुताखेतांवर विश्वास नसलेले वाचकही भयकादंबरी आवडीनं वाचतात. मग ज्यावर विश्वास नाही, त्याची भीती का वाटते? अशा कादंबऱ्या पलासियासारख्या गजबजलेल्या भागात न घडता बहुधा एखाद्या आडगावातच का घडतात? आणि भीती ही मुळात नकोशी भावना असताना माणूस पदरचे पैसे देऊन ती विकत का घेतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

शरीर आधी, विचार नंतर

मेंदूत खोलवर, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, अमिग्डला नावाचा एक छोटा भाग असतो. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं एक मुख्य काम. धोका खरा की खोटा, याचा निवाडा विचार करणारा मेंदू सावकाश करतो. पण शरीराला सावध करणारे संदेश त्याआधीच सुटलेले असतात. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भरभर होतो, तळव्यांना घाम सुटतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आखडतो, केस उभा राहतो आणि अंगावर काटा येतो. लढायचं किंवा पळायचं, या दोन्हींसाठी शरीराची ही तयारी असते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा सविस्तर अभ्यास केला.

नुसत्या शब्दांनीही मेंदूत अशी हालचाल होते का? बर्लिनमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वाचकांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून हॅरी पॉटरच्या पुस्तकांतले उतारे वाचायला दिले होते. काही उतारे भीतिदायक होते, काही साधे. भीतिदायक उताऱ्यांत वाचक जास्त गढून जात होते आणि जितके ते गढून जात, तितका मेंदूच्या मध्यभागातला, भावना आणि सहवेदनेशी संबंध असलेला एक भाग अधिक सक्रिय दिसत होता. हॅरी खोटा आहे हे त्या सगळ्यांना माहीत होतं. ते माहीत असल्यामुळे वाचक पळत सुटत नाही, एवढंच. गढून जाणं त्यामुळे थांबत नाही.

मेंदू इतका उतावळा का, याचं एक उत्तर उत्क्रांतीत सापडतं. रानात पाचोळा वाजला. तो वाऱ्यानं वाजला असेल किंवा वाघानं. वाऱ्याला वाघ समजणारा माणूस उगाच धावला, दमला, पण जगला. वाघाला वारा समजणाऱ्याला पुढे वंशच उरला नाही. म्हणून आपला मेंदू चुकलाच तर सावधपणाच्या बाजूनं चुकतो आणि प्रत्येक अस्पष्ट आवाजामागे ‘कुणीतरी आहे’ असं आधी धरून चालतो. मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्री यांनी 1993 मधल्या आपल्या पुस्तकात देव-भुतांच्या कल्पनांचं मूळ याच सवयीत शोधलं आहे. ढगांत चेहरा दिसणं, खुंटीला टांगलेला कोट अंधारात माणसासारखा वाटणं, हे तिचेच नमुने. भयकादंबरीकार ही सवय नव्यानं लावत नाही. ती आपल्यात असतेच. तो फक्त पाचोळा वाजवतो.

दोन पारड्यांचा तराजू

नुसता पाचोळा वाजवून चारशे पानं मात्र भरत नाहीत. त्यासाठी लागतं रहस्य, आणि अतींद्रिय रहस्यकादंबरीचं रहस्य साध्या गुप्तहेरकथेहून वेगळं असतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या वाचकाला प्रश्न पडे तो ‘हे कुणी केलं?’ असा. अतींद्रिय रहस्यकादंबरीचा वाचक त्याआधीचा प्रश्न विचारतो: हे ‘कुणी’ केलं की ‘कशानं’ केलं?

साहित्याचे फ्रेंच अभ्यासक त्स्वेतान तोदोरोव यांनी 1970 मध्ये या प्रकाराची फोड केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अद्भुताचा खरा प्राण वाचकाच्या दोलायमान मनात असतो. घडलेल्या गोष्टीला निसर्गनियमांत बसणारा एक खुलासा असतो आणि न बसणारा दुसरा. जोवर वाचक दोघांच्या मध्ये अडकलेला आहे, तोवर गूढ जिवंत. वाण्याच्या दुकानातला जुना तराजू आठवावा. एका पारड्यात ‘याला साधं कारण असेल’, दुसऱ्यात ‘हे या जगातलं नाही’. कुशल लेखक प्रकरणागणिक कधी या, कधी त्या पारड्यात वजन टाकतो आणि काटा मध्याभोवती थरथरत ठेवतो. एक पारडं टेकलं की उत्सुकता संपते.

उदाहरणासाठी माळव्यातून निमाडात उतरलं तरी पुरे. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. चिरंजीव अश्वत्थामा रोज पहाटे तिथे पूजेला येतो आणि सकाळी दार उघडणाऱ्याला पिंडीवर ताजं फूल दिसतं, अशी लोकश्रद्धा आहे. यावर कादंबरी रचायची झाली तर? पहिल्या प्रकरणात फूल दिसतं. कुणी भाविक लवकर येऊन गेला असेल. काटा साध्या कारणाकडे. दुसऱ्या प्रकरणात कळतं, की गडाच्या वाटेवर रात्रभर चौकीदार जागा होता आणि वर कुणीच गेलं नाही, काटा दुसरीकडे. तिसऱ्यात चौकीदाराला दारूचं व्यसन असल्याचं उघड होतं, काटा परत. चौथ्यात पायथ्याच्या खेड्यातली म्हातारी सांगते, की कपाळाला जखम असलेला उंच माणूस रात्री दाराशी तेल मागायला आला होता. आता वाचक पान उलटल्याशिवाय राहणार नाही.

दोन्ही पारड्यांत टाकायला खऱ्या जगात पुरेशी वजनं आहेत. रात्री चालताना माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, याला खेड्यांत ‘चकवा लागला’ म्हणतात. जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना माणसं खरोखरच गोल फिरून स्वतःच्याच पावलांच्या वाटेवर आली, आणि आपण सरळ चाललो, असंच त्यांना वाटत होतं. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. 1921 मध्ये तिथल्या एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात एका ‘झपाटलेल्या’ घराची हकिकत छापून आली. घरातल्यांना पावलांचे आवाज ऐकू येत, अनोळखी आकृत्या दिसत, डोकी दुखत, कुंडीतली झाडंही मरगळत. शेवटी दोष निघाला घर तापवणाऱ्या भट्टीत. ती बिघडलेली होती आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरभर पसरत होता. चांगला लेखक असे खुलासे माहीत करून घेतो आणि योग्य वेळ येईपर्यंत हातात राखून ठेवतो.

शेवट तीन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात साधं कारण जिंकतं. आर्थर कॉनन डॉयल यांच्या 1901-02 मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधला शापित कुत्रा अखेर फॉस्फरस चोपडलेला खराखुरा कुत्रा निघतो. ‘मणिचित्रताळु’ (1993) या मल्याळी चित्रपटावरून आलेल्या ‘भूलभुलैया’तही (2007) उत्तर मनोविकारात सापडतं. दुसऱ्या प्रकारात अतींद्रिय जिंकतं. स्टीफन किंग यांच्या बहुतेक कादंबऱ्या अशा. तिसऱ्या प्रकारात काटा मध्येच राहतो. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘क्षुधित पाषाण’ (1895) या कथेत एक प्रवासी निर्जन महालातला आपला अनुभव सांगतो. गोष्ट ऐन रंगात असताना गाडी येते आणि उरलेलं सांगायचं राहून जातं. ऐकणाऱ्या दोघांपैकी एकाला सगळी थाप वाटते, दुसऱ्याला पटतं, आणि त्यावरून त्या दोन नातेवाइकांचं कायमचं बिनसतं. दोन्ही पारडी टागोरांनी कथेतच दोन माणसांच्या रूपात उभी केली आहेत.

गाव लहानच का लागतं?

हा तराजू पलासियात धरायचा म्हटलं तर हात थरथरेल. 1901 च्या जनगणनेत इंदूरची वस्ती एक लाखाच्या आत होती. 2011 मध्ये ती 19 लाखांच्या पुढे गेली. आजच्या पलासियात समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं तरी महिनाभर पत्ता लागत नाही. इथे रात्री दोन वाजता अनोळखी माणूस दिसला तर तो कुणाचा तरी पाहुणा, नाहीतर घरपोच जेवण आणणारा. त्याचं कुणालाच नवल नाही. लहान गावात तोच माणूस बातमी ठरतो. वेगळं काही दिसायला आधी सगळं ओळखीचं असावं लागतं, आणि ओळखीचं जग लहान गावात आयतं मिळतं.

लहान गावाची आठवण लांब असते. कुठल्या वाड्यात कुणी जीव दिला, कुणाची जमीन कुणी बळकावली, कोणती विहीर बुजवली आणि का, हे तिथे तीन-तीन पिढ्या लक्षात राहतं. अतींद्रिय कथेतला धोका बहुधा अशाच जुन्या, दडपलेल्या गोष्टीतून उगवतो. 2018 च्या ‘तुंबाड’ या चित्रपटात लोभाचा वारसा एकाच वाड्याभोवती 1918 पासून 1947 पर्यंत फिरतो. धारपांच्या एका कथेतून या चित्रपटाचं बीज पडलं, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे, आणि शीर्षकावर श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची छाया आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ ही 2016 ची मालिका सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित झाली. तिचं सगळं गूढ एका कुटुंबाच्या घरात आणि त्या घरानं लपवलेल्या गोष्टींत होतं.

तिसरं कारण अफवेचं. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये अफवेवर पुस्तक लिहिलं. विषय लोकांना जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी अस्पष्ट, तितकी अफवा बळावते, असं त्यांनी मांडलं. दोन्हींपैकी एक शून्य झालं तर अफवाच उरत नाही. एका चित्राचं वर्णन एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायचं, असा प्रयोगही त्यांनी केला. पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत सुमारे 70 टक्के तपशील गळून गेले आणि उरलेले जास्त ठसठशीत झाले. लहान गावात पार, किराण्याचं दुकान, नळाची रांग आणि एसटीचा थांबा हे काम अखंड करतात. कादंबरीकारासाठी ही मोठी सोय असते. प्रत्येक साक्षीदाराची हकिकत थोडी वेगळी निघते. वाचकाला त्यांतली कोणती खरी ते ठरवावं लागतं, आणि ठरवता येत नाही.

शिवाय लहान गावाला कड असते. शेवटची बस गेली, नदीला पूर आला, वीज गेली, की पात्रं अडकली. संशयितही मोजके असतात: शिक्षक, डॉक्टर, सरपंच, पुजारी, नवा भाडेकरू. वाचक प्रत्येकाला नावानं ओळखू लागतो आणि मग त्यांच्यातलं एक माणूस कमी झालं, की घरातलं माणूस गेल्यासारखा चटका बसतो.

स्टीफन किंग यांनी हे सगळं 1975 च्या ‘सालेम्स लॉट’मध्ये एकत्र बांधलं. रक्तपिपासू ड्रॅक्युला विसाव्या शतकातल्या अमेरिकी खेड्यात आला तर काय होईल, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. टेकडीवरचं बदनाम घर, गावात आलेले दोन परके, आणि एकेक करून दिसेनासे होणारे गावकरी. धारपांची ‘लुचाई’ ही ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली, तर ‘शपथ’ ही किंग यांच्या ‘इट’वर (1986). ‘इट’मधली सात मुलं पुन्हा एकत्र यायचं वचन देतात, मराठी नाव त्या वचनावर बोट ठेवतं. इंग्रजी न वाचणाऱ्या असंख्य मराठी वाचकांना लहान गावातल्या या जातीच्या भयाची ओळख धारपांनी (1925-2008) करून दिली.

भुतालाही नियम हवेत

इथे एक अडचण येते. भूत काहीही करू शकत असेल तर रहस्य कसलं? ब्रिटिश धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतल्या दुसऱ्या नियमानं अतींद्रिय शक्तींना सरळ हद्दपार केलं, कारण बंद खोलीतला खून भुतानं केला असेल तर सुगावे जुळवणाऱ्या वाचकाची फसवणूक होते.

अतींद्रिय रहस्यकादंबरी ही अडचण भुतालाच नियम लावून सोडवते. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’त घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. एवढा एक नियम कळला, की वाचकाला सुगावा शोधता येतो: आत कुणी बोलावलं?

मराठी लोककथांत अशी नियमावली तयारच आहे. मुंज झालेला आणि लग्नाआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात असतो. चकवा वाट चुकवतो, मारत नाही. देवचार गावाची शीव राखतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. यांतल्या प्रत्येकाची जागा, वेळ, मागणी आणि मर्यादा ठरलेली आहे.

ही माहिती कागदावर आणण्यात खेड्यांतल्या शिक्षकांचा मोठा वाटा होता. ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोव्हेन यांनी 1915 मध्ये कोकणच्या लोकसमजुतींची टिपणं प्रसिद्ध केली. त्यांतली बरीचशी सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली होती. हेच जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना डिसेंबर 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांच्या गोळीनं मारले गेले. टिपणांच्या तळाशी वारंवार दिसतो तो अमुक गावच्या शाळेचा मास्तर. भयकादंबरीत गावचा इतिहास उलगडणारं पात्र इतक्या वेळा शिक्षक का असतं, याचं उत्तर इथे मिळतं: खऱ्या आयुष्यातही गावाची आठवण लिहून ठेवणारा तोच होता.

धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेत नियमांचा हा भाग ठळक आहे. संकट कुठल्या प्रकारचं, त्याचं बळ कशात आणि ते कशानं अडतं, याचा शोध आधी, सामना नंतर. रत्नाकर मतकरी (1938-2020) यांच्या गूढकथांची वाट निराळी. त्यांच्याकडे भूत अनेकदा माणसाच्या अपराधी, मत्सरी किंवा एकाकी मनातून डोकावतं, आणि तराजूचा काटा शेवटच्या ओळीपर्यंत डोलत राहतो.

बंद दाराची ताकद

चांगला लेखक भूत दाखवायची घाई करत नाही. किंग यांनी ‘दान्स मकाब्र’ या 1981 च्या पुस्तकात कारण सांगितलं आहे. बंद दारामागे काहीतरी खरवडतंय, तोवर भीती सर्वांत मोठी. दार उघडलं आणि मागे दहा फुटी किडा दिसला, की वाचक किंचाळतो. पण त्याच्या किंचाळण्यात सुटकाही असते. दहाच फूट ना, शंभर फुटी तर नाही! लेखकानं आकार दिला की कल्पना थांबते.

चित्रपटात वाडा दिग्दर्शकाचा असतो; कादंबरीत तो वाचकाचा. ‘जुना वाडा’ हे दोन शब्द वाचून पलासियातल्या एकाला आजोळचा देवासचा वाडा दिसतो, दुसऱ्याला साताऱ्याचा, तिसऱ्याला राजवाड्यामागच्या बोळातलं घर. सामान प्रत्येकानं आपल्या आठवणीतून आणलेलं असतं, म्हणून पुस्तकातला जिना जास्त ओळखीचा वाटतो आणि त्यावरचं पाऊल जास्त जवळ वाजतं.

देवासचा पाहुणा

न सुटलेल्या रहस्याच्या एका जगप्रसिद्ध उदाहरणाचा धागा इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर सापडतो. देवास हे पवारांचं गाव. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन मराठी संस्थानं एकाच गावात नांदत होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर तिथे प्रथम 1912-13 च्या प्रवासात आले. 1921 मध्ये ते थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव तिसरे यांचे खासगी सचिव म्हणून काही महिने राहिले. अर्धवट राहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित त्यांच्याबरोबर होतं. ती 1924 मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ या नावानं आली. देवासच्या दरबारात पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव तिच्या शेवटच्या भागात उतरला आहे.

ही भुताची कादंबरी नाही. पण तिच्या मध्यभागी एक गुहा आहे, आणि त्या गुहेत अडेला या तरुणीच्या बाबतीत नेमकं काय घडलं, ते पुस्तक कधीच सांगत नाही. गुहांची कल्पना बिहारमधल्या बराबरच्या गुहांवरून आली. अडेलाबरोबर तिथे कुणी होतं, की तिला भास झाला, की तिसरंच काही? त्याआधी मोटारीला काहीतरी धडकतं, तेव्हाही हेच होतं: इंग्रजांना ते जनावर वाटतं, तर नवाब बहादूर यांना नऊ वर्षांपूर्वी आपल्या मोटारीखाली मेलेल्या माणसाचं भूत. मित्रानं खुलासा विचारल्यावर फॉर्स्टर यांनी 1924 च्या पत्रात कळवलं, की गुहेत माणूस असेल, अतींद्रिय असेल किंवा भास असेल. आपण स्वतः ते ठरवलेलं नाही, आणि ठरवलं तर पुस्तकच वेगळं होईल. तोदोरोव यांनी पुढे सिद्धान्त म्हणून मांडलेली गोष्ट फॉर्स्टर यांनी जवळजवळ अर्धशतक आधी हातांनी करून ठेवली होती. काटा मध्ये ठेवण्याचा त्यांचा निर्णय पूर्ण जाणीवपूर्वक होता.

घाबरण्यात मजा कुठून येते?

उरला तिसरा प्रश्न. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एका व्यावसायिक ‘भुताच्या घरा’त गेलेल्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना भीती व मजा किती वाटली ते विचारलं. भीती अगदी कमी तेव्हा मजा कमी. फार वाढली तेव्हाही कमी. मधल्या पट्ट्यात ती सर्वाधिक. कादंबरीत हा पट्टा वाचकाच्या हातात असतो. भीती वाढली तर पुस्तक मिटावं, दिवा लावावा, चहा टाकावा. चित्रपटगृहात एवढी मोकळीक नसते.

मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी आणखी एक बाजू दाखवली. भीतीनं वाढलेले ठोके संकट टळल्यावर लगेच उतरत नाहीत. शरीर अजून तापलेलंच असतं आणि त्याच तापात सुटकेचा आनंद मिसळतो, म्हणून तो एरवीपेक्षा मोठा वाटतो. उपयोगाचा प्रश्नही तपासला गेला आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोविडच्या सुरुवातीच्या काळात भयपटांच्या चाहत्यांनी इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास नोंदवला. आवडीमुळे कणखरपणा आला, की मुळात कणखर माणसांनाच भयपट आवडतात, याचं उत्तर त्यातून मिळत नाही; पण भीतीची सुरक्षित तालीम कामी येत असावी, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळालं.

थोडक्यात

- भीतीचे संदेश विचाराच्या आधी सुटतात. ‘हे खोटं आहे’ ही जाणीव वाचकाला पळू देत नाही, पण गढून जाण्यापासून रोखतही नाही.
- अतींद्रिय रहस्यकादंबरी दोन खुलाशांच्या समतोलावर चालते: साधं कारण आणि या जगाबाहेरचं कारण.
- लहान गावात ओळखीची माणसं, लांब आठवण, अफवा आणि बंद सीमा आयत्या मिळतात.
- भुताला नियम असतील तरच सुगावे शोधता येतात. मराठी लोककथांत असे नियम भरपूर आहेत.
- मध्यम भीतीत मजा सर्वाधिक, आणि पुस्तकात तिची मात्रा वाचक ठरवतो.

दुसऱ्या वाचनात काय पाहावं

पहिलं वाचन एका दमात करावं. काटा कुठे हलला, हे पाहायला दुसरं वाचन. शेवट माहीत झाल्यावर भीती ओसरलेली असते आणि लेखकाचे हात दिसू लागतात. पहिल्या पन्नास पानांत गावातली कोणती माणसं सहज म्हणून भेटली आणि त्यांतली कोण पुढे कामी आली, ते पाहावं. प्रत्येक विचित्र घटना नेमकी कुणी पाहिली, ती व्यक्ती त्या वेळी थकलेली, तापानं फणफणलेली किंवा एकटी होती का, हेही तपासावं. अविश्वसनीय साक्षीदार हे साध्या कारणाच्या पारड्यातलं सर्वांत जड वजन असतं. भुताचा नियम पहिल्यांदा कोणत्या पानावर सांगितला आणि तो पुढे कुठे मोडला, हे शोधावं. नियम मोडला असेल तर बहुधा कादंबरी तिथेच फसलेली असते. मतकरींची एखादी कथा आणि धारपांची एखादी कादंबरी अशी लागोपाठ दोनदा वाचली, तर एकाच भीतीकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा स्पष्ट दिसतात, आणि पुढचं पुस्तक निवडताना आपल्याला यांतली कोणती वाट जास्त आवडते, हे वाचकाला नेमकं सांगता येतं.